काठी, थंडी आणि दव : उरायासुतील हिवाळी साठवणीचे विवेचन

१. प्रश्न

तळकोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. पावसाळा लागला, खाडी गढुळली की गरीची काठी घरात येते आणि चुलीवरच्या माळ्यावर जाते. तिथे धूर आणि धग लागत राहते, म्हणून बांबूला बुरशी धरत नाही. ‘काठी उबेला ठेवावी’ हा नियम अशा अनुभवातून आला आहे आणि कोकणापुरता तो चोख आहे.

हाच नियम घेऊन कोणी टोकियोच्या उपसागराकाठी राहायला गेला तर काय होईल? प्रश्न अगदीच काल्पनिक नाही. टोकियोच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशिकासाई परिसरात, भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तीत मराठी घरेही आहेत. निशिकासाईहून तोझाई मार्गाच्या गाडीने दुसरे स्टेशन म्हणजे उरायासु. मधे जुनी एदो नदी ओलांडली की टोकियो संपते आणि चिबा प्रांत सुरू होतो. जानेवारीत इथे थंडी पडते. तेव्हा काठी कुठे आणि कशी ठेवावी? हीटरजवळ, बाल्कनीत की कपाटात? आणि थंडीने काठीचे नेमके काय बिघडते?

या विवेचनाचे प्रतिपाद्य असे : थंडी स्वतः काठीचे फारसे काही बिघडवत नाही. बिघडवते ते पाणी, आणि त्याच्या जोडीला मीठ. थंडी फक्त हे पाणी कुठे जमेल ते ठरवते. एवढे ध्यानात आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपसूक निघतात.

२. स्थळ आणि हवा

उरायासु आज डिस्नेलँडमुळे ओळखले जाते. ते १९८३च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. ज्या जमिनीवर ते उभे आहे ती मात्र त्याआधी काही वर्षे समुद्रच होती. गाव कोळ्यांचे, नोरी नावाच्या खाद्य शेवाळाचे आणि शिंपल्यांचे. १९५८मध्ये नदीकाठच्या कागद कारखान्याच्या काळ्या सांडपाण्यावरून इथले मच्छीमार कारखान्यावर चालून गेले. जपानमधले पाण्याच्या प्रदूषणाचे पहिले कायदे त्याच वर्षी झाले, त्यामागे हे प्रकरण होते. पुढे भराव सुरू झाला, १९७१मध्ये मासेमारीचे हक्क पूर्णपणे सोडून देण्यात आले आणि गावाचे क्षेत्रफळ सुमारे चौपट झाले. लेखक यामामोतो शुगोरो १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथे राहिले होते. त्यांच्या ‘आओबेका मोनोगातारी’त जुन्या गावाचे रूप आहे. बेका म्हणजे नोरी काढायची चपटी, लहान होडी.

धंदा गेला, पण गळ राहिला. जुन्या एदो नदीत हाझे मिळतो. हा आपल्या निवट्यांच्या जवळच्या कुळातला चिखलमासा, उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत लागतो. सुझुकी मिळतो, म्हणजे जिताड्याची आठवण करून देणारा निमखाऱ्या पाण्यातला शिकारी मासा. कडाक्याच्या थंडीत दोघेही खोल पाण्याकडे सरतात आणि बहुतेक हौशी माणसांच्या काठ्या दोन-तीन महिने घरात पडून राहतात.

आता हवा. टोकियोत जानेवारीचे सरासरी तापमान ५.४ अंश सेल्सिअस आणि सरासरी सापेक्ष आर्द्रता ५१ टक्के असते. जुलैत हीच आर्द्रता ७६ टक्क्यांवर जाते. म्हणजे या किनाऱ्यावरचा हिवाळा थंड तर आहेच, पण कोरडाही आहे. सैबेरियाकडून येणारे वारे आपले बाष्प जपानच्या पश्चिम बाजूला बर्फाच्या रूपाने टाकतात आणि डोंगर उतरून पूर्वेला येतात ते कोरडे होऊन. थंडी बोचरी असली तरी टोकाची नसते. २५ जानेवारी २०१८ला टोकियोत पारा उणे ४ अंशांवर गेला, तो तिथला ४८ वर्षांतला नीचांक होता. ही मर्यादा लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा हिशेब तिच्या आतला आहे.

३. काठी म्हणजे काय काय?

‘काठी’ हा एक पदार्थ नाही. आजच्या सामान्य काठीत निदान पाच प्रकारचे घटक एकत्र येतात. एक, दांडा : कार्बन किंवा काचतंतू, इपॉक्सी राळेत बांधलेले. दोन, कड्या : ज्यांतून तंगूस जातो त्या, स्टेनलेस पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या, आत सिरॅमिकची रिंग. तीन, रीलची बैठक : बहुधा प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम. चार, मूठ : बूच किंवा फोम. पाच, सांधे : एकात एक बसणारे दांड्याचे तुकडे. रील आणि तंगूस यांचा विचार वेगळा, पण साठवणीत ते बरोबरच येतात. बांबूची पारंपरिक काठी हा निराळाच वर्ग आहे. तिचा विचार सहाव्या कलमात येईल.

४. थंडीवरचे आरोप

थंडीवर साधारणपणे चार आरोप केले जातात. ते एकेक करून तपासू.

पहिला आरोप : थंडीत दांडा ठिसूळ होतो. राळ थंडीत किंचित कडक होते हे खरे. पण इपॉक्सी मऊ पडू लागते ते साधारण शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर. शून्य काय किंवा वीस अंश काय, तिच्या लेखी दोन्ही ‘थंड’च. गुन्मा प्रांतातल्या गोठलेल्या तळ्यांवर बर्फाला भोके पाडून वाकासागी नावाचे चिमुकले मासे पकडतात. तिथे काठ्या शून्याखाली नुसत्या ठेवलेल्या नसतात, वापरल्या जातात. आरोप साठवणीपुरता फेटाळावा. धोका खरा आहे तो उलट बाजूला. उन्हात बंद मोटारीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर वाकवून ठेवलेल्या काठीला कायमची बाक येते, कारण ताणाखाली राळ हळूहळू सरकते आणि उष्णता ही सरक वाढवते. थंडी ती कमी करते.

दुसरा आरोप : धातू आकसतो आणि सांधे सैल होतात किंवा अडकतात. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर आकसते. १० मिलिमीटर व्यासाची कडी २० अंशांनी थंड झाली तर तिचा व्यास सुमारे ०.००५ मिलिमीटरने घटेल, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. कार्बनतंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाहीत. सांधे अडकतात हे खरे, पण कारण वेगळे आहे. दोन तुकड्यांमध्ये शिरलेले पाणी सुकते आणि मागे राहिलेले मीठ व बारीक वाळू पाचरीसारखी बसते.

तिसरा आरोप : आत राहिलेले पाणी गोठून दांडा फोडते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, तेव्हा आरोपात तथ्य आहे. पण समुद्राचे पाणी सुमारे उणे १.९ अंशांना गोठते, आणि सुकत आलेले, अधिक खारे पाणी त्याहूनही खाली. उरायासुच्या नेहमीच्या हिवाळ्यात ते गोठायची शक्यता कमीच. गोठेल ते गोडे पाणी. म्हणजे या कचाट्यात सापडतो तो आळशी माणूस नव्हे. सापडतो तो, ज्याने काठी मनापासून धुतली आणि न वाळवता बंद करून बाल्कनीत ठेवली. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या काठीत असे पाणी तळाच्या बुचाशी हमखास साठते. आळशी माणसाचे नुकसान मीठ करते, त्याकडे पुढे येऊ.

चौथा आरोप : रीलचे ग्रीस घट्ट होते. होते, पण ऊब मिळाली की पूर्ववत होते. हा वापरातला त्रास आहे, साठवणीतली हानी नव्हे.

चारांपैकी टिकला तो एकच, आणि त्यातही मूळ गुन्हेगार पाणीच निघाले.

५. दव

पाणी दोन वाटांनी येते. एक तर आपण ते काठीबरोबर आणतो. दुसरी वाट अधिक लबाड आहे, कारण त्या वाटेने ते हवेतून येते.

हवा जितकी उबदार तितके बाष्प ती अधिक सामावते. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प मावते, ३ अंशांना जेमतेम ६. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर हवेत सुमारे ८.६ ग्रॅम बाष्प आहे. ही हवा ९.३ अंशांपर्यंत थंड झाली की तिचे दव पडू लागते. त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू या खोलीत आली की ओली होणार.

आता रात्रभर बाल्कनीत राहिलेली काठी सकाळी दिवाणखान्यात आणली असे समजू. अर्ध्या मिनिटात काळा दांडा धुरकट होतो. मग कड्यांच्या पायांशी, जिथे दोऱ्याची गुंडाळी संपते तिथे, बारीक थेंब धरतात. रीलच्या धातूवर सर्वांत जास्त, कारण तो सावकाश तापतो. दहा मिनिटांनी दांडा कोरडा दिसू लागतो आणि पाहणाऱ्याला वाटते की झाले. पण कडीच्या पायाखाली, बैठकीच्या आट्यांत, रीलच्या पोटात जे शिरले ते तिथेच राहते. दररोज असे आत-बाहेर केले तर काठी दररोज भिजते, एक थेंबही पाऊस न पडता.

जपानी घरात या दवाला केत्सुरो म्हणतात आणि हिवाळ्यात त्याचा त्रास घरोघरी असतो. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवरून सकाळी पाणी ओघळते. हे पाणी येते कुठून? बाहेरची ५ अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता फक्त २० टक्क्यांच्या आसपास उरते. पण त्या हवेत माणसे श्वास सोडतात, भात शिजतो, कपडे वाळतात, घसा कोरडा पडतो म्हणून वाफेचे यंत्र लावतात. रॉकेलचा हीटर असेल तर एक लिटर रॉकेल जळताना सुमारे १.१ किलो पाणी वाफ होऊन खोलीत येते. म्हणजे एकाच घरात हीटरसमोरचा कोपरा वाळवंट असतो आणि बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट दमट तळघर. ओशिइरे, म्हणजे सरकत्या दारांचे गाद्या ठेवायचे कपाट, अनेकदा अशाच भिंतीला असते. तिथे भिंतीला काठी टेकवून ठेवणे म्हणजे खिडकीच्या ओघळाखाली ठेवण्यासारखे आहे.

मोकळ्या बाल्कनीत आणखी एक गोष्ट घडते. निरभ्र रात्री उघड्या वस्तू आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तेव्हा हेच झालेले असते. कठड्याला लावलेली काठीही याच रीतीने गारठते. छताखाली, आडोशाला ठेवली तर हा धोका पुष्कळ टळतो.

इथे एक शंका येईल. बंद नळीत ठेवलेली काठी उबेतून थंडीत नेली तर नळीतल्या हवेचेच दव पडणार नाही का? हिशेब करून पाहू. दीड मीटर लांब आणि ६ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ४.२ लिटर हवा मावते. ती २० अंशांवरून ३ अंशांवर आली तर जास्तीचे बाष्प निघेल जेमतेम ०.०११ ग्रॅम, एका थेंबाहून कमी. पण काठीची शंभर ग्रॅम वजनाची कापडी पिशवी हाताला नुसती दमट लागत असेल, तिच्यात दहा टक्के जादा ओल असेल, तर ते झाले १० ग्रॅम. हवेतल्या पाण्याच्या सुमारे नऊशे पट. नळी निर्दोष आहे, गुन्हा पिशवीचा. काठी कोरडी आहे का हे सगळे पाहतात. पिशवी कोरडी आहे का, हे पाहणारा विरळा.

६. मीठ आणि बांबू

कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. शुद्ध मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पण समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. जपानमध्ये टोफू घट्ट करायला वापरतात त्या निगारीतला मुख्य पदार्थ हाच.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जानेवारीत बाहेरची आर्द्रता सरासरी ५१ टक्के असते. या हवेत साधे मीठ सुकून बसेल, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा थर पूर्ण सुकणारच नाही. न धुतलेली काठी कोरड्या हिवाळ्यातही सूक्ष्म ओलीखाली राहते. त्यात कार्बनतंतू विजेचे वाहक आहेत. खाऱ्या ओलीत कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडले की बॅटरीसारखी जोडी तयार होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. रीलच्या बैठकीच्या कड्यांभोवती पांढरी भुकटी दिसते ती याचीच खूण. थंडी ही क्रिया मंदावते, थांबवत नाही. ऊब तिला वेग देते. म्हणजे न धुतलेली काठी हीटरजवळ ठेवणे बाल्कनीत ठेवण्याहूनही वाईट.

बांबूचे गणित निराळे. बांबू हवेशी सतत पाण्याची देवघेव करतो. ७५ टक्के आर्द्रतेत लाकूड-बांबूत वजनाच्या साधारण १४ टक्के पाणी असते, ५० टक्क्यांत ९, आणि हीटरसमोरच्या २० टक्क्यांत ४-५. पाणी घटले की बांबू आकसतो, आणि परिघाच्या दिशेने अधिक. बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर सुकला की उभी चीर जाते.

टोकियोच्या बांबूच्या काठ्यांची परंपरा, एदो वाझाओ, याच ज्ञानावर उभी आहे. तिचा आरंभ १७८८मध्ये तोसाकू या कारागिराने काढलेल्या दुकानापासून मानतात. १९९१मध्ये तिला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. एकाच काठीत वेगवेगळ्या जातींच्या बांबूंचे तुकडे जोडतात, विस्तवावर धरून सरळ करतात, सांध्यांवर रेशमी दोरा गुंडाळतात आणि वर उरुशी लाखेचे थर चढवतात. लाखेमुळे पाण्याची देवघेव मंदावते, बंद होत नाही. चांगल्या वाझाओची परीक्षा सांध्यात असते : तुकडा ओढून काढताना आत कोंडलेली हवा ‘पोन्’ असा आवाज करते. दमट हवेत सांधा फुगून अडतो, फार कोरड्या हवेत सैल पडतो आणि आवाज जातो. म्हणून अशी काठी ना हीटरजवळ ठेवावी, ना दमट कपाटात. न तापवलेल्या खोलीची आतली भिंत हीच तिची जागा.

७. जागेची निवड

वरील चर्चेवरून जागेच्या तीन कसोट्या ठरतात : तापमान स्थिर असावे, हवा खेळती असावी, उष्णतेचा झोत नसावा. थंड असणे हा दोष नाही. सदनिकेत या कसोट्यांना सर्वांत चांगली उतरते ती गेनकान, म्हणजे दाराशी चपला काढायची जागा, किंवा तिच्याजवळची बोळकांडी. तिथे सहसा हीटर नसतो आणि स्वयंपाकाची वाफ पोचत नाही. ओशिइरेच वापरायचे तर काठी भिंतीपासून वीतभर दूर, खाली सुनोको म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी, आणि आठवड्यातून एकदा दार उघडे. जपानी कपाटांत ओल शोषणारे डबे ठेवतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते. ते पाणी ओढते आणि डब्यात खारे द्रावण जमते. डबा काठीच्या वर कधीही ठेवू नये. सांडला तर ज्यापासून वाचवायचे तेच काठीवर ओतले जाते. सिलिका जेलला हा धोका नाही.

उभी की आडवी? सरळ राहत असेल तर दोन्ही चालते. पण हे जपान आहे. ११ मार्च २०११च्या भूकंपात उरायासुच्या भरावाच्या जमिनीतून वाळू आणि पाणी उसळून वर आले आणि शहराचा बहुतांश भाग या द्रवीकरणाच्या फेऱ्यात सापडला. तेव्हा उभा स्टँड भिंतीला पक्का जखडावा, नाहीतर काठी तीन-चार आधारांवर आडवी ठेवावी. दोनच आधार दिले तर लांब काठी मधे झोळ खाते.

८. साठवणीचा क्रम

पहिली पायरी धुण्याची. पाणी गोडे आणि कोमट, कढत नव्हे. धुताना रीलचा ब्रेक आवळलेला, म्हणजे पाणी आत जात नाही. नळ्यांच्या काठीचे तळाचे बूच काढून एकेक नळी वेगळी धुवावी. दुसरी पायरी वाळवण्याची : सावलीत, वाऱ्यावर, दोन-तीन दिवस. कड्यांच्या पायांशी टिपकागद लावून पाहावा, ओला झाला तर अजून एक दिवस. तिसरी पायरी पिशवीची. तीही धुऊन वाळवावी, कारण तिच्यात वर्षभराचे मीठ असते. चौथी, सांध्यांना मेणबत्तीचे मेण हलक्या हाताने. पाचवी, रीलचा ब्रेक सैल, कारण आतल्या चकत्या महिनोन्‌महिने दाबात राहिल्या तर चपट्या होतात. तंगूस काठीत ओवून ताणलेला ठेवू नये. सहावी, काठी पिशवीसह बंद नळीत, आणि नळी वर सांगितलेल्या जागी.

सातवी पायरी काठी परत काढतानाची, आणि ती बहुतेक जण विसरतात. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेली काठी लगेच उघडू नये. नळी बंदच ठेवून तीन-चार तास थांबावे. दव पडेलच, पण ते नळीच्या बाहेरच्या अंगावर. फडक्याने पुसले की संपले.

९. निष्कर्ष

आता मूळ नियमाकडे परत येऊ. चुलीवरचा माळा कोकणात बरोबर होता, पण उबेसाठी नव्हे. पावसाळ्यात भोवतालची हवा नव्वद टक्क्यांच्या घरात दमट असते आणि धगीने तेवढ्या एका जागेची आर्द्रता खाली येते, म्हणून तो बरोबर होता. उरायासुच्या जानेवारीत हवा मुळातच कोरडी आहे. तिथे तीच धग बांबूला चीर पाडते, मिठाच्या झिजेला वेग देते आणि रोज आत-बाहेर होणाऱ्या काठीला दवाने भिजवते. नियम ‘उबेला ठेवा’ असा कधी नव्हताच. तो होता ‘कोरडे ठेवा आणि तसेच राहू द्या’. कोकणात त्यासाठी चूल लागते, उरायासुत ती टाळावी लागते.

हे साधले की नाही याचा दाखला काठीच देते. मार्चच्या अखेरीस पिशवी सोडावी, दोन्ही हातांनी सांधा धरावा आणि सरळ ओढावा. कार्बनची काठी असेल तर तो करकर न करता सुटावा. बांबूची असेल तर कान द्यावा. ‘पोन्’ ऐकू आले की समजावे, हिवाळाभर आत पाणी शिरले नाही आणि बाहेर गेलेही नाही.